विनाआदेश मोजणी

आमचे हे भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक आहेत. म्हणजे लोकांच्या जमिनीच्या हद्दी मोजून देतात आणि त्याबद्दल दोन्ही बाजूंच्या शिव्या खातात. आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. नाव सांगत नाही. ठाणेदार बदलून जातात, पण ठाणं घरापासून हाकेच्या अंतरावरच राहतं आणि मला रोज त्याच्यासमोरूनच शाळेत जावं लागतं.

ह्यांना एक आजार आहे. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी त्याला इंग्रजी नाव दिलंय, आम्ही घरी ‘चढणं’ आणि ‘उतरणं’ म्हणतो. उतरले की हे भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. चढले की झोप उडते, तोंडाची टकळी सुरू होते आणि जगातली प्रत्येक वस्तू ह्यांना चुकीच्या जागी ठेवलेली दिसायला लागते. गोळ्या चालू असल्या की चढणं नाही, उतरणं नाही. तेव्हा हे साधे, थोडे कंटाळवाणे आणि मला मनापासून आवडणारे गृहस्थ असतात. पण जरा बरं वाटलं की गोळ्या बंद करायची ह्यांना खोड आहे. विचारलं की म्हणतात, "मी बरा हाय ना? मंग गोळी कायले पाह्यजे?" आता यावर काय बोलणार? मी शाळेत चौथीला शिकवते, तिथली मुलंही असाच युक्तिवाद करतात.

त्या वर्षी उन्हाळ्यात हे चढले ते घराच्या मोजणीपासून. एका सकाळी उठून पाहते तर स्वयंपाकघरात चुन्याची रेघ. फ्रिजनं पॅसेजच्या जागेत अतिक्रमण केलं होतं म्हणे. फ्रिज हलवला. मग सासूबाईंची खाट सरकारी जागेत निघाली. त्यांनी खाटेवरून न उतरता विचारलं, "माह्या घरात सरकारी जागा कुठून आली बे?" हे म्हणाले, "आई, नकाशात हाय." नकाशा कुठे होता, तर ह्यांच्या डोक्यात. सासूबाईंना खाटेसकट उचलून बाजूला ठेवण्यात आलं. त्या वाटेत ह्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या, आणि त्या सात पिढ्या त्यांच्याच सासरच्या होत्या हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

मी बुलढाण्याच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, गोळ्या सुरू करा आणि उद्या सोमवारी घेऊन या. मी वरणात गोळी कालवायच्या तयारीला लागले. गच्चीवर कपडे वाळत घालून खाली येते तो स्कूटर नाही, चुन्याचं पोतं नाही, फीत नाही आणि नवरा नाही.

ठावठिकाणा लागला तो मेन रोडवरच्या जनरल स्टोअरवाल्याच्या बायकोच्या फोनवरून. ती फार गोड आवाजात म्हणाली, "वहिनी, भाऊजीले जरा सांगा ना, आमच्या दुकानाकडं पाहून रेघ मारा म्हणा. आपण घरचेच हाओत."

नंतर जे ऐकलं ते असं. हे मेन रोडला उतरले, रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि मोजायला लागले. गावात ह्यांना कोण ओळखत नाही? मोजणीवाले साहेब! हातात फीत, शेजारी चुन्याचं पोतं, चेहऱ्यावर सरकारी गांभीर्य. आमच्याकडे चुन्याची रेघ दिसली की माणूस आधी सामान आत घेतो, मग विचारतो कशाची आहे. पानठेलेवाल्यानं फळी मोडून आत घेतली. चहाच्या टपरीनं टिनाचं शेड उतरवलं. न्हाव्यानं खुर्ची आत ओढली, तीही गिऱ्हाइकासकट, आणि गिऱ्हाइकाच्या एका गालावर अजून साबण होता. झेरॉक्सवाल्यानं मशीनच आत ढकललं, त्यात वायर ओढली जाऊन अर्ध्या ओळीची लाईट गेली. त्या दिवशी रविवार होता. रविवारी सरकार मोजणी करत नाही, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. उलट एका पुढाऱ्यानं ह्यांना फोन करून सांगितलं, "साहेब, कारवाई करा, पण आपल्या कार्यालयाच्या पायऱ्या तेवढ्या जाऊ द्या." ह्यांनी पायऱ्यांवरही रेघ मारली. गावात एवढी निःपक्षपाती कारवाई आजवर झाली नव्हती, असं लोक अजून म्हणतात.

गर्दी जमली तशी कुणीतरी ठाण्याला कळवलं. बीट जमादार दोन शिपाई घेऊन आले. आता कुणीही म्हणेल, पोलिसांनी पहिल्यांदा विचारावं, आदेश दाखवा. जमादारांनी विचारलं, "साहेब, बंदोबस्त कितीक वाजेपावतो लागन?"

हे म्हणाले, "काम संपेपर्यंत."

झालं. दोरी बांधली, गर्दी मागं सारली. शिपायांनी पोतं उचललं आणि जमादारांनी फितीचं दुसरं टोक धरलं. ह्यांनी त्यांना भर उन्हात एका खुणेवर उभं केलं आणि बजावलं, "हल्लात तं पुरा नकाशा हलन." ते हलले नाहीत. मला त्या माणसाचं अजूनही कौतुक वाटतं. मी वर्गात एवढं सांगून एक मूल जागेवर थांबवू शकत नाही.

मी इकडे ठाण्यात फोन लावला. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळे हाच फोन विसरले. मी ठाणे अंमलदाराला सांगितलं, "माझे मिस्टर आजारी आहेत. मनाचा आजार आहे, डॉक्टर चालू आहेत. मेन रोडला आहेत. कृपा करून त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन जा, मी तिथं येते."

अंमलदार म्हणाले, "मोजणीवाले साहेब? अहो म्याडम, त्याईले काय झालं? जोरात काम चालू हाये. आपला बंदोबस्त हाये ना तिथं."

"अहो, त्यांना बंदोबस्त नको, दवाखाना हवाय!"

"कारवाई झाल्यावर सांगतो मी त्याईले," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी चपला उलट्यासुलट्या घालून गल्लीबोळातून मेन रोडच्या पार पलीकडे, त्या जनरल स्टोअरकडे धावले.

तोवर मोजणी रस्त्याच्या टोकाला, म्हणजे ठाण्यापाशी पोचली होती. आणि मोजणीत निघालं काय, तर ठाण्याचं कंपाउंड रस्त्यात! ह्यांनी कंपाउंडवर रेघ मारली, फाटकातून आत गेले, व्हरांडा ओलांडला आणि चुना सांडत सांडत ठाणेदारांच्या केबिनमध्ये शिरले. जमादार फितीचं टोक धरून मागोमाग. ठाणेदार नुकतेच पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आले होते, त्यांना आमचा माणूस ठाऊक नव्हता. ह्यांनी त्यांना सांगितलं, "खुर्ची अर्धी रस्त्यात येऊन राह्यली. तुम्ही उठा, मंग रेघ पुरी करतो."

ठाणेदारांनी विचारलं, "आदेश कुठंय?"

"आदेश वरून हाय," हे म्हणाले आणि बोटानं छताकडे दाखवलं. छताला पंखा होता.

ठाणेदारांनी पंख्याकडे पाहिलं, मग जमादारांकडे पाहिलं, मग जमादारांच्या हातातल्या फितीकडे. बाहेर फाटकापर्यंत गर्दी होती. आधी कुणी एक हसला, मग सगळे हसले. सकाळभर ज्यांनी टिनं उतरवली, फळ्या मोडल्या, ते सगळे पोट धरून हसायला लागले. स्वतःला कोण हसतो? ते पोलिसांना हसत होते.

इथपर्यंत गोष्ट मजेची आहे आणि मीही ती मजेनंच सांगते. पण पुढे पोलिसांनी ह्यांना मारलं. फाटक लावून घेतलं आणि आवारात मारलं. मी गर्दीतून फाटकापर्यंत पोचले तेव्हा आतून काठीचा आवाज येत होता आणि हे मोठ्यानं काहीतरी आकडे सांगत होते, मोजणीचेच. मग आकडे थांबले. मी फाटक हलवून हलवून ओरडत होते की ते आजारी आहेत, मी फोन केला होता. आजारी माणसाला त्यांनी संध्याकाळपर्यंत कोठडीत ठेवलं. सोडलं तेव्हा उजवा हात मनगटापासून लोंबत होता. दवाखान्यात आम्हीच नेलं, रिक्षानं. काठी जमादारांच्या हातात होती, हे ह्यांनीच मला एक्सरेच्या रांगेत सांगितलं, आणि सांगताना ‘जमादारसाहेब’ म्हणाले.

मग माझी लढाई सुरू झाली. मला फार काही नको होतं. ‘आम्ही मारलं’ एवढं कुणीतरी तोंडानं म्हणावं. आणि पुढच्या वेळी, कारण पुढची वेळ येणारच, ह्यांना काठी न लावता दवाखान्यात न्यावं. कायदाच तसा आहे. मनाचा आजार असलेला माणूस रस्त्यात सापडला तर पोलिसांनी त्याला दवाखान्यात न्यायचं असतं, कोठडीत घालायचं नसतं. मी तो कायदा वाचून, त्यातल्या ओळींखाली लाल पेननं रेघा मारून ठाणेदारांसमोर ठेवला. ठाणेदारांनी तो आदरानं पाहिला आणि चहा मागवला.

या प्रकरणात मी जेवढा चहा प्यायले तेवढा माझ्या लग्नात वऱ्हाडानं प्यायला नसेल. ठाण्यात चहा, उपअधीक्षकांच्या कार्यालयात चहा, एकदा तर बुलढाण्याला एसटीनं गेले आणि ‘चौकशी सुरू आहे’ एवढं वाक्य आणि चहा घेऊन परत आले. अडचण कुठे होती ते मला हळूहळू कळलं. मारलं असं लिहायचं तर का मारलं ते लिहावं लागणार. का मारलं ते लिहायचं तर ह्यांनी ठाण्यात रेघ मारली हे लिहावं लागणार, आणि रेघ आतपर्यंत आली कशी, तर पोलीस बंदोबस्तात आली, हेही लिहावं लागणार. तेव्हा सगळ्यांनी मिळून असं ठरवलं की त्या रविवारी गावात काहीच झालं नाही. मोजणी नाही, बंदोबस्त नाही, माझा फोन नाही. सदर इसम रस्त्यानं जाताना पाय घसरून पडला.

"कशावरून घसरला?" मी विचारलं.

ठाणेदार म्हणाले, "बाई, रस्त्यात चुना सांडलेला होता."

मी त्यांच्या तोंडावर हसले. मग बाहेर येऊन फाटकापाशी रडले, आणि रडले म्हणून मला स्वतःचाच संताप आला.

हे तोवर गोळ्यांवर होते आणि चढणं ओसरलं होतं. हात प्लास्टरमध्ये. डाव्या हातानं जेवायचे आणि वरण अंगावर सांडायचे. लाजेनं अर्धमेले झाले होते. मेन रोडवरच्या एकेका दुकानात जाऊन त्यांनी माफी मागितली. दुकानदार म्हणाले, "काऊन माफी मागता साहेब? रस्ता किती मोकळा झाला पाहा!" आणि खरंच, शेड परत बाहेर आलं नाही. प्रत्येकजण शेजारी आधी बाहेर काढतो का याची वाट पाहत राहिला. पानठेला अजून आत आहे. फक्त ठाण्याकडे हे फिरकत नसत. ऑफिसला जायला ठाण्यासमोरचा सरळ रस्ता सोडून बाजाराला वळसा घालून जायचे. मी काही बोलले की म्हणायचे, "सोड ना आता. मीच त त्याईच्या खुर्चीवर रेघ माराले गेलतो." मला त्यांचा फार राग यायचा. ज्याचा हात मोडला त्यानंच असं म्हणावं, तर मी भांडायचं कुणासाठी?

पोळ्याच्या आधी, ह्यांचं प्लास्टर निघाल्यावर, एका संध्याकाळी जमादार घरी आले. साध्या कपड्यात, हातात केळी. सासूबाईंनी त्यांना बसायला सांगितलं नाही, तेव्हा ते उभेच राहिले. म्हणाले, "वहिनी, सणासुदीची शांतता समितीची सभा हाये. मोठ्या साहेबानं सांगतलं, मोजणीवाल्या साहेबाचा सत्कार ठेवू. शाल-श्रीफळ. म्हणजे इषय मिटून जाईन."

आमच्या जिल्ह्यात सत्कारानं न मिटणारा विषय नाही. बदली झाली, सत्कार. निवडून आला, सत्कार. पडला तरी सत्कार, जोरात लढला म्हणून. भावाभावांचा बांधाचा वाद मिटला की दोघांनी एकमेकांचा सत्कार करायचा आणि मधल्या वकिलानं दोघांच्या शाली घरी न्यायच्या. पण मार खाल्ला म्हणून सत्कार मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"मला माफी पाहिजे, नारळ नको," मी म्हणाले.

जमादार अजिजीनं म्हणाले, "माफीत काय ठेवलं वहिनी? सत्कारात नारळ तरी भेटते."

"आणि सत्कार कशाबद्दल म्हणे?"

त्यांनी खिशातून मोबाइल काढून वाचलं, "शहर सौंदर्यीकरणातील उल्लेखनीय योगदानाबद्दल."

मी काय बोलणार होते ते बोलायच्या आत आतल्या खोलीतून ह्यांचा आवाज आला, "येतो मी." मला वाटलं, चढले की काय पुन्हा. आत जाऊन डोळे पाहिले, तर शांत होते. म्हणाले, "मले त्या रस्त्यानं पुन्हा जाता आलं पाह्यजे. चांगल्या कारणानं गेलो त भेव जाईन."  मग मी त्यांच्या शर्टाला इस्त्री केली.

सभा ठाण्याच्याच आवारात होती, मंडपात. फाटकातून आत शिरताना ह्यांनी माझा दंड धरला होता. समिती पुढच्या रांगेत. मशिदीचे, देवळाचे, विहाराचे लोक, व्यापारी संघ, आणि तो पायऱ्यावाला पुढारी. भाषणं झाली. डीजेच्या आवाजाबद्दल सूचना डीजेएवढ्याच मोठ्या आवाजात दिल्या गेल्या. पुढाऱ्यानं सांगितलं की मेन रोड रुंद करायचं त्यांचं स्वप्न जुनंच होतं. मग सूत्रसंचालकानं ह्यांचं नाव पुकारलं, योगदान सांगितलं, आणि लोक हसले. वाईट हसणं नव्हतं ते, हे मी कबूल करते. ह्यांनाही हसू आलं. मी किती महिन्यांनी त्यांना हसताना पाहत होते. मला वाटलं, जाऊ दे. नारळ तर नारळ.

ठाणेदार माइकवर म्हणाले, "शाल आमचे जमादार घालतील. त्या दिवशी साहेबांसोबत त्यांनीच काम केलेलं आहे." बहुधा त्यांना हा विनोद वाटला असावा. मंडपात पुन्हा हशा.

हे उठून पुढे गेले. जमादार समोर आले, हसत हसत. त्यांनी शालीची घडी झटकली आणि दोन्ही हात वर केले.

ह्यांनी डोकं खाली घातलं, दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि खाली बसले. उकिडवे, माइकच्या स्टँडच्या पायथ्याशी. अंगाची जुडी करून. तोंडानं आकडे मोजायला लागले.

टाळ्यांसाठी उचललेले हात लोकांच्या मांडीवर परत गेले. जमादार शाल तशीच वर धरून उभे होते. त्यांचं तोंड पडलं होतं. ते हळूच वाकले आणि म्हणाले, "नाही मारत साहेब. आता नाही मारत. पोरीची शपथ, आता नाही मारत."

माइक चालू होता. बाहेर झाडाला बांधलेल्या कर्ण्यातून ते मेन रोडपर्यंत गेलं. ठाणेदारांनी माइक बंद करायला सांगितलं, पण तेही माइकवरूनच ऐकू आलं.

एवढे महिने मी ठाण्यात, बुलढाण्यात, कुठे कुठे जे एक वाक्य मागत फिरले, ते सगळ्या गावानं ऐकलं होतं. मला वाटायचं, त्या दिवशी मी पेढे वाटीन. मला कसलाच आनंद झाला नाही. मी उठून पुढे गेले. जमादार बाजूला झाले आणि शाल पोटाशी धरून उभे राहिले. पुढच्या रांगेतले लोक खाली बघत होते. मी ह्यांच्याजवळ जमिनीवर बसले आणि म्हणाले, "अहो, मी आहे." मग त्यांचे हात धरून डोक्यावरून खाली घेतले. डावा लगेच आला. उजव्याची बोटं केसांत घट्ट रुतली होती, ती मला एकेक करून सोडवावी लागली.